‘बसा’ म्हणायला सवड नव्हती

संपादकसाहेब घरी आले आणि म्हणाले, यंदाचा दिवाळी अंक बंदरं, धक्के आणि बोटी यांच्यावर काढतोय, तुम्हीही लिहा. मी म्हणालो, साहेब, बंदर बघायचं तर घाट उतरून कोकणात जावा. आमच्याकडं समुद्र कुठला? कृष्णा आहे. ते म्हणाले, "तुमच्या काठाला नाव लागायची का?" लागायची. "माणसं चढायची-उतरायची का?" चढायची. "मग झालं की बंदर."

एवढी वर्षं मी बंदरावर होतो आणि मला कुणी सांगितलंच नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. चौथीत बापाचा हात मोडला आणि मी वल्ह्याला लागलो, तो पूल होईपर्यंत सुटलो नाही. तेव्हा लिहिण्यात चुका होणार. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं, माझी ना नाही. फक्त एक अट आहे. पुढं एक ‘रं’ येईल. तो तेवढा जागचा हलवायचा नाही. त्याला शुद्ध करायला गेलात तर सगळ्या लेखाला पाणी लागेल.

आता तर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण हल्लीच्या पोरांना ‘तर’ म्हटलं की जर-तरच आठवतं. नदीला पूल नसतो तिथं नावेनं माणसं पलीकडं न्यायची जागा, ती तर. सातारा जिल्हा संपत येतो आणि सांगली लागते, त्या काठावर आमचं गाव. घरं अलीकडं. बाजार, डॉक्टर, हायस्कूल आणि यष्टीचा रस्ता पलीकडं. मध्ये नदी, आणि नदीवर मी. आम्ही कोळी, पण नदीचे. समुद्र मी अजून बघितलेला नाही. गावकऱ्यांना तिकीट नसायचं. सुगीला खळ्यावर गेलं की जो तो आपल्या परीनं ज्वारी घालायचा. ते आमचं बलुतं. बलुतं आहे तोवर नावाडी गावचा. गावानं ते बंद केलं की नावाड्यानं नाव काठाला बांधायची आणि दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजायला जायचं. हे ध्यानात ठेवा, पुढं त्यावरच अडणार आहे.

नाव सागवानी, बुडाला चपटी. शिमगा झाला, पाणी उतरलं की तिला काठावर ओढून पालथी घालायची, फटींत सुतळी आणि कापूस ठोकायचा, वरून उकळतं डांबर. हातात वल्हं, आणि उथळात टेकायला कळक, म्हणजे लांब वेळू. पलीकडच्या घाटाला लागायचं असेल तर नाव आधी काठाकाठानं वर न्यायची आणि मग सोडायची. पाणी खाली ढकलतं, आपण आडवं रेटतो, आणि दोघांच्या भांडणात ती बरोबर घाटाला लागते. नवख्या माणसाला वाटतं, हा उलटा कुठं निघाला. एक वकील तर ओरडायलाच लागले, "अहो, घाट तिकडं आहे!" मी म्हणालो, "ठावं हाय. त्यालाच भेटायला चाललोय."

माणसं बसवायचीही रीत असते. जड माल मधोमध, त्याच्याभोवती बायका-पोरं, गडी कडेनं. शेळीचे पाय बांधायचे. म्हैस नावेत घ्यायची नाही, तिचा कासरा धरायचा. ती मागनं पोहत येते, आणि आपल्यापेक्षा झकास येते. आणि सगळ्यांनी बुडं टेकून खाली बसायचं. नावेत उभा फक्त नावाडी.

हे बसायचं का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. बाप म्हणायचा, बसायचं. त्याचा बाप म्हणायचा, बसायचं. मी विचारलं की दोघं माझ्याकडं असं बघायचे, जसं काही मी भाकरी का खायची हे विचारलंय. मला मात्र ते कळून घ्यायचंच होतं. पाण्यात हात घालून बसायची मला खोड होती. पाणी इथं गार आणि हातभर पलीकडं कोमट का? पूर यायच्या आधी मासे काठाला का येतात? हौसा, माझी बायको, म्हणायची, "आवं, नदीला इचारून झालं असंल तर जेवायला चला."

एकदा पाचगणीच्या शाळेच्या एक बाई पोरं घेऊन सहलीला आल्या. नावेत पाय ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "लाइफ जॅकेट कुठं आहेत?" मला शब्द कळला नाही. त्यांनी हातानं छातीभोवती गोल करून दाखवलं, तेव्हा कळलं. मी काठावरच्या माझ्या खोपीतनं वाळलेले भोपळे आणले. आमच्याकडं पोरांना पोहायला शिकवताना पाठीला बांधतात ते. पोरं खदाखदा हसली. बाईंनी पहिला भोपळा स्वतःच्या पाठीला बांधला आणि म्हणाल्या, "आता हसा, आणि बांधा." ती सगळी शाळा पाठीवर भोपळे घेऊन कृष्णा पार झाली. गाव महिनाभर हसत होतं. मी मात्र त्यानंतर भोपळ्यांची माळ कायम नावेत ठेवली. बाईंचं म्हणणं मला पटलं होतं.

दुसरे एक साहेब समुद्राकडनं बदलून आलेले. त्यांनी नावेत माणसं चढवून बघितली, उतरवून बघितली, आणि नावेच्या बाहेरच्या अंगाला पांढरा पट्टा ओढला. म्हणाले, "शिरपा, हा पट्टा कोरडा दिसला पाहिजे. भिजला की ओझं जास्त झालं समज." मला ते लय आवडलं. अंदाजाचं काम एकदम डोळ्याला दिसायला लागलं. पट्टा कोरडा म्हणजे नाव सुखरूप, एवढं मी मनाशी बांधून ठेवलं. आणि तिथंच पुढं मला कोडं पडलं.

पण त्याच्या आधी दुष्काळ. बहात्तरला नदी एवढी आटली की उतारावरनं माणसं धोतर वर न करता चालत जायला लागली. मला काम नव्हतं. तेव्हा मी एक केलं. ज्या वाटेनं जन्मभर नाव नेली, त्या वाटेनं मी पायी चाललो, नदीच्या तळातनं. गावाला वाटलं, शिरपा बिघडला. पण कळकाच्या टोकानं जे चाचपत होतो ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. इथं वाळू, इथं दगडगोटे, इथं चिखल, सगळं हाताच्या ओळखीचं होतं, तोंड आत्ता बघत होतो. डोह तेवढा आटला नव्हता. त्याच्या वरच्या अंगाला एक कातळ उघडा पडला होता, घराच्या उंबऱ्यासारखा आडवा. तवा कळलं, पाणी वाढलं की त्या जागी नाव बुडाखालनं कुणीतरी उचलल्यासारखी का होते. पाणी उंबऱ्याला ठेचकाळून वर येत होतं. मी कातळावर बसून पोटभर हसलो. तिथं जळदेवता राहती म्हणून मी बरीच वर्षं नारळ देत होतो.

आता सुभेदार आबांकडं येतो.

आमच्या गावात घराघरांत फौजी. त्यातले सुभेदार आबा म्हणजे गावाचं नाक. उंच, पांढऱ्या मिशा, पेन्शनीत आले तरी कणा वाकला नव्हता. नद्यांवर पूल टाकणाऱ्या पलटणीत होते. आबा पारावर आले की बसलेला माणूस उठायचाच. म्हातारे उठायचे, दारू प्यालेलाही भिंतीला धरून उठायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. आबा उभे आणि आपण बसलेले, हे आमच्या गावच्या गुडघ्यांना जमतच नव्हतं.

आबांची आई वारली तेव्हा ते सरहद्दीवर होते. तार पोचेतो इकडं सगळं उरकलं होतं. रक्षा त्या उंबऱ्याखालच्या डोहात सोडली ती माझ्याच नावेतनं. पुढं आबा रजेवर आले, नावेत बसले आणि मला एवढंच विचारलं, "कुठं?" मी दाखवलं. पाण्यात खूण राहत नाही, पण आमची रीत असते. अलीकडच्या काठावरचा पिंपळ आणि त्याच्या मागच्या देवळाचा कळस एका रेषेत आले की ती जागा. आबा उभे राहिले, टाच जुळवली आणि सलाम केला. त्यानंतर जेव्हा जेव्हा नदी ओलांडायचे, त्या जागी उठून सलाम करायचेच. मी नाव जरा हळू करायचो. नावेत चार माणसं असली तर तीही उठायची. काही बिघडत नव्हतं. उन्हाळ्याचं पाणी गरीब असतं.

मग त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. लग्न पलीकडच्या गावात. लग्न लागलं, नवरा-नवरी देवदर्शनाला आमच्या गावाला निघाली, आणि मागं सगळं वऱ्हाड. वर कुठंतरी पाऊस झालेला, नदीला तांबडं पाणी आलेलं, फार नाही पण खेचणारं. मी माणसं निम्मी केली. निम्मी काठावर ठेवली, शिव्या खाल्ल्या. पट्टा बघितला, कोरडा. नवरी मधोमध, तिच्याभोवती बायका, कडेनं फौजी आणि तालमीतली पोरं. आबा पुढच्या अंगाला. सगळं रीतसर.

नाव निघाली. बायका गाणी म्हणत होत्या. पिंपळ आणि कळस जवळ जवळ यायला लागले. आणि मला एकदम ध्यानात आलं, की खाली उंबरा आहे आणि वर आबा उठणार.

मी म्हणालो, "आबा, आज ऱ्हाऊ द्या." गाण्यात ते कुणाला ऐकू जातंय?

आबा उठले. आबा उठले तशी सगळी नाव उठली. फौजी उठले, तालमीतली पोरं उठली, नवरदेव शेला सावरत उठला, कारण चुलतसासरा उभा आणि आपण बसलेले, हे पहिल्याच दिवशी बरं कसं दिसेल? त्याच वेळी खालनं कातळावरचं पाणी वर आलं. नाव खालच्या अंगाला कलली. उभी माणसं तोल सावरायला त्याच अंगाला झुकली. नावेच्या काठावरनं पाणी आत आलं आणि नवरीच्या शालूवर सांडलं. गाणं मध्येच तुटलं.

तेव्हा माझ्या तोंडातनं निघालं, जेवढ्या छातीत वारा होता तेवढ्यानं, "खाली बस रं, म्हाताऱ्या!"

त्या नावेत वीज पडली असती तरी कुणी एवढं दचकलं नसतं. आबांना ‘रं’? आबांना म्हातारा? जो तो मटकन खाली बसला. नाव एक हिसका देऊन सरळ झाली आणि कळक लावून मी तिला कातळाच्या पुढं काढली.

आणि गंमत अशी, की ज्याला सांगितलं तो बसलाच नाही. आबांनी टाच जुळवली, सलाम पुरा केला, हात खाली घेतला, आणि मग सावकाश बसले. तोवर एकटे उभे होते. नाव तसूभर हलली नाही.

नवरी कोरड्या पायानं देवळात गेली नाही, पण देवळात गेली. वऱ्हाडातलं कुणी त्या दिवशी मला काही बोललं नाही. मला बोलावणं आलं दुसऱ्या दिवशी, मारुतीच्या देवळापुढं.

सरपंच तात्या म्हणाले, "शिरपा, काल काय बोललास?"

"बस म्हणालो."

"कुणाला म्हणालास?"

"जे उठलं हुतं त्यांस्नी."

"आणि कसं म्हणालास?"

"वरडून म्हणालो. वारं हुतं."

मागनं एक तालमीतला पोरगा ओरडला, "आबांस्नी रं म्हणतोस व्हय? कोळ्याला मस्ती आली!"

मी वळून म्हणालो, "काल तू माझ्या पायाशी कसा बसला हुतास, आठवतंय का? तसाच बस."

तात्यांनी हात वर केला. "मापी माग. आबांच्या पायावर डोकं ठेव. इषय संपला."

"आबांच्या पाया पडायला मला लाज न्हाई, तात्या. आमी दर दिवाळीला पडतोय. पर चुकलो म्हणून न्हाई पडायचा. बोललो त्यात चूक न्हाई."

"मग तर सोडावी लागंल."

तर सोडायची म्हणजे बलुतं गेलं, खोपी गेली, आणि घरात पाळण्यात आमचा धाकटा. पलीकडच्या गावचा एक जण नवी नाव घेऊन वाट बघतच होता. तात्यांनी बेंदरापर्यंत मुदत दिली. बेंदराला बैलांची मिरवणूक निघते, तेव्हा सगळं गाव एकत्र येतं, त्या दिवशी सगळ्यांसमोर माफी, नाहीतर नाव बांधायची.

आबा त्या दिवशी देवळापुढं आलेच नव्हते. नदीवरही यायचे बंद झाले. बाजाराच्या दिवशीसुद्धा नाहीत. मला बाकी कशापेक्षा ते जास्त लागलं. नाव पिंपळ-कळसाच्या रेषेवर आली की माझा हात सवयीनं हळू व्हायचा, आणि उठायला कुणी नसायचं.

हौसा म्हणाली, "आवं, एक मापी मागितल्यानं जीभ झडती का?"

"झडंल."

"मग ती शिजवून घालीन पोरांस्नी. दुसरं काय ऱ्हाणार हाय घरात?"

मी माफी मागणार नव्हतो. पण खरं सांगतो, माफीपेक्षा मला ते कोडं सुटत नव्हतं. पट्टा कोरडा. ओझं निम्मं. तेवढीच माणसं, तेवढंच वजन. बसलं की नाव सरळ, उठलं की कलती. उठल्यानं माणसाचं वजन वाढतं का? मी तांब्या परातीत ठेवून, परात हौदात सोडून बघितली. आडवा तांब्या, उभा तांब्या. परात बुडाली, तांब्या बुडाला, हौसानं दोन दिवस बोलणं टाकलं.

बेंदराच्या अलीकडं आबांचा निरोप आला, "गुऱ्हाळातली काहील घेऊन घाटावर ये. तात्या, फौजी, तालमीतली पोरं, सगळ्यांना सांगितलंय."

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडाची मोठी कढई. बुडाला चपटी, घेराला खोलीएवढी. पुराच्या वेळी आमच्याकडं तीच नाव होते. गुऱ्हाळ बंद होतं, काहील मोकळी. आम्ही ती लोटत लोटत घाटावर नेली आणि मांडीभर पाण्यात सोडली. घाट माणसांनी भरला. बायका पण धुणं घेऊन आल्या, धुवायला काही नसलेल्याही आल्या.

आबा म्हणाले, "तात्या, बसा आत." तात्या बसले. पाच-सहा फौजी बसले. मला शिवी देणारा पोरगा बसला. शेवटी आबा बसले. काहील डुलायला लागली, पण तरली. मी बाहेर पाण्यात उभा, कड धरून.

"शिरपा, कड सोड," आबा म्हणाले. मी सोडली. "आता मी उठतोय. कुणी उठायचं न्हाई. हुकूम हाय."

आबा सावकाश मधोमध उभे राहिले. काहील थोडी हलली, थांबली. पण आतल्या माणसांचे हाल बघण्यासारखे होते. आबा उभे आणि आपण बसलेले! तात्या अर्धे उठत होते, परत बसत होते. एक हवालदार तर मांड्या हातानं दाबून बसला होता.

"आता," आबा म्हणाले, "जसं रोज उठतासा तसं उठा."

उठले. हुश्श म्हणून सगळे एकदम उठले, आणि काहील अशी पालथी झाली की क्षणभर पाण्यावर नुसते फेटे आणि टोप्या. तात्यांची टोपी वाहत चालली ती मी कळकानं धरली. मग एक एक डोकं वर यायला लागलं. आबा पण त्यातच, मिशांतनं पाणी गळतंय. घाट हसून हसून आडवा झाला. ज्या बायकांनी कधी आबांपुढं पदर खाली येऊ दिला नव्हता, त्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

आबा पाण्यातच उभं राहून बोलायला लागले. "वजन तेवढंच असतंय, पर बसलं की खाली असतंय, उठलं की वर जातंय. जेवढं वर, तेवढी नाव उलथायला सोपी. एकटा उठला तर ती पेलती. सगळी उठली की न्हाई पेलत. पलटणीत बोटीत बसल्यावर जनरल आला तरी उठायचं न्हाई, असा हुकूम असतोय. मी पोरांस्नी ह्योच हुकूम देत आलोय."

माझं कोडं तिथं सुटलं. परातीनं जे सांगितलं नाही ते आबांनी दोन वाक्यांत सांगितलं. मला एवढा आनंद झाला की माझी तर जाणार आहे हे मी विसरूनच गेलो.

तात्या टोपी पिळत म्हणाले, "आबा, ते समदं खरं. पर ह्यानं तुमास्नी रं म्हटलं, त्याचं काय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय रं शिरपा, त्याचं काय?"

मी म्हणालो, "आबा, ‘बसा’ म्हणायला सवड नव्हती. ‘आबा, जरा खाली बसता का’ असं आदबीनं म्हणत बसलो असतो, तर नवरी तेवढ्यात कर्नाटकात पोचली असती."

मग आबा हसले. आबांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "बराबर हाय. हुकूम आखूड पायजे. रं होता म्हणून ही माणसं बसली. तात्या, कुणी मापी मागायची न्हाई. आजपासनं पाण्यावर शिरपा ज्याला त्याला रं म्हणंल. मला बी."

"मग तुमी का न्हाई बसला?" मी विचारलंच. माझ्या पोटात काही राहत नाही.

आबांनी मिशीवरचं पाणी निपटलं. म्हणाले, "सलाम अर्धा टाकून बसायला येत न्हाई, गड्या. ते मला कुणी शिकवलंच न्हाई."

तर राहिली. बलुतं राहिलं. आणि आमच्या तरीला एक कायदा झाला, जो समुद्रावरच्या कुठल्याही बंदराला नसेल. काठावर आबा, तात्या, साहेब, जे असतील ते. नावेत पाय टाकला की सगळे ‘रं’. नवीन आलेले तहसीलदार एकदा रागावले. त्यांच्या शेजारी बसलेले तात्याच त्यांना म्हणाले, "बसा साहेब, हितं आमचं बी असंच हाय." वाईहून येणाऱ्या एका भटजींनी मात्र मलाच उलटं विचारलं, "शिरपा, तू मला रं म्हणालास, तर मी तुला काय म्हणू?" मी म्हणालो, "काय बी म्हणा, बसून म्हणा."

आबांच्या सलामाचं मी वेगळं केलं. बाजार उठला, गर्दी उतरली की रिकामी नाव घेऊन आम्ही दोघंच जायचो. पिंपळ आणि कळस एका रेषेत आले की मी कळक रोवून नाव धरून ठेवायचो. आबा उठायचे. मी तर उभाच असायचो, नावाड्याला बसून चालत नाही. एकदा मी विचारलं, "आबा, रक्षा तर तवाच व्हावून गेली. आता हितं काय हाय?" ते म्हणाले, "तू हाईस की, जागा दावायला." मी कळक उपसला आणि नाव घाटाकडं वळवली.

पुढं आबा गेले. त्यांची रक्षा मीच नेली, त्याच जागी. नाव माणसांनी भरलेली होती आणि एकही माणूस उठला नाही. सगळे खाली मान घालून, गुडघे घट्ट धरून बसले होते. मला कुणाला ‘रं’ म्हणावं लागलं नाही.

मग पूल झाला. चांगलं झालं, पुरात आजारी माणूस पलीकडं नेणं काय असतं ते मला ठाऊक आहे. पण नाव पालथी घातली ती परत सुलटी झाली नाही. धाकटा कुपवाडला कारखान्यात लागला. मी आता महिन्यातनं एकदा डोळे दाखवायला सांगलीला जातो, यष्टीनं, त्याच पुलावरनं.

पुलावरनं पिंपळ दिसतो. कळस पण दिसतो, मात्र आता त्याला सोनेरी रंग दिलाय. गाडी पुलाच्या मध्यावर आली की दोन्ही एका रेषेत येतात, अगदी क्षणभर. मी उठतो. दांड्याला धरून उठतो, गुडघे कुरकुरतात, पण उठतो.

कंडक्टर एक तरुण पोरगी असते, लय गोड बोलती. परवा पण धावत आली. "आजोबा, बसा ना. गाडी हलतीय, पडाल. बसा आजोबा, बसा हं."

मी उभाच राहिलो. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण ‘बस रं’ म्हणाली असती, तर बसलो असतो.